सदाभाऊसाठी दिलेली साक्ष

चिखलीच्या एका घरात, ओसरीवर घोंगडीवर बसून, हातात चहाची बशी धरून मी खोटे बोललो. मला कोणी बोलायला लावले नव्हते. समोर बसलेल्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी टाइमकीपर होतो, सदरा धुतलेला होता आणि माझा आवाज शांत होता. त्या खोट्यामुळे एक बाई, पोटुशी असताना, नवऱ्याच्या घरी परत आली.

हे लिहायचे आहे ते त्या नवऱ्याविषयी. तो मला आवडत असे, हे आधीच कबूल केलेले बरे. दारू पिऊन गटारात पडणारा, बायकोच्या नावाने रस्त्यात शिव्या घालणारा माणूस असता तर मी त्याला ओळखले असते. आमच्या कॉलनीत तसे दोघे होते आणि त्यांच्याशी मी बोलतही नसे. सदाभाऊ तसा नव्हता.

चिंचवड स्टेशनजवळ पाण्याचे पंप बनवणारा आमचा कारखाना तेव्हा नवा होता. पलीकडे ज्वारीची रानेच होती. कामगार सातारा, नगर, कोकण असे कुठून कुठून आलेले. सदाशिव कऱ्हाडकडचा. फिटर म्हणून लागला आणि सहा महिन्यांत सारे त्याला सदाभाऊ म्हणू लागले. खाकी सदऱ्याचे गळ्यापर्यंत लावलेले बटण, कानावर पेन्सिल, वरच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी. ही पट्टी सुटीच्या दिवशीही खिशात असे. आमच्या घरी माझ्या भाचीच्या बारशाला पाळणा टांगला, तर हा पाहुणा उठला, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मोजल्या आणि म्हणाला, "भाऊसाहेब, डावीकडं सूतभर खाली आहे. पोरीचं डोकं दुखेल." आणि सगळ्या बायका ताटकळत असताना त्याने पाळणा पुन्हा बांधला. सगळे हसले. मीही हसलो, आणि मनात म्हणालो, असा शेजारी मिळायला नशीब लागते.

शेजारी म्हणजे अगदी भिंतीला भिंत. कॉलनीत दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे होती आणि मधली भिंत आढ्यापर्यंत नेलेली नव्हती. वर कौलांखाली हातभर मोकळी जागा. त्यांच्या फोडणीला आम्ही शिंकत असू, आमच्या लेकीच्या रडण्याला तिकडून त्याची बायको तारा "ओ ओ, आले गं" करीत असे.

कॉलनीतल्या कोणाचा स्टोव्ह पेटत नसला की तो सदाभाऊकडे यायचा. पैसे नाहीत, चहासुद्धा नाही. लेकीला घटसर्प झाला तेव्हा तिला सायकलच्या दांडीवर घेऊन दवाखान्यात पोचवणारा तोच. मी मागून धावत होतो. दारू नाही, विडी नाही, तंबाखू नाही. संध्याकाळी हात रॉकेलने, मग राखेने, मग साबणाने धुवायचे आणि ओट्यावर बसून कोणाचे तरी बिघडलेले काही दुरुस्त करायचे. "वस्तू जागच्या जागी असली की डोकं शांत राहतं," हे त्याचे नेहमीचे वाक्य.

आमच्या टूलरूमच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली असे: पान्याच्या जागी पान्याची, हातोड्याच्या जागी हातोड्याची. हत्यार काढले की रिकामी आकृती दिसते आणि काय गायब आहे ते एका नजरेत कळते. सदाभाऊने तसाच फळा स्वयंपाकघरात लावला. उलथने, झारा, सांडशी, पळी, सगळ्यांच्या आकृत्या. लोक बघायला येत. एका रविवारी तर खुद्द मॅनेजरसाहेब डोकावून गेले आणि म्हणाले, घर असावे तर असे. तारा दारामागे उभी होती. तिला कोणी विचारले नाही की बाई, तुला सापडतात का वस्तू.

मग त्याने दाराबाहेरच्या फरशीवर तिच्या चपलांची आकृती काढली. दोन पावले, बोटे भिंतीकडे.

"हे कशाला रे?" मी विचारले.

"लांबूनच कळतं, भाऊसाहेब. बाईमाणूस घरात आहे का बाहेर."

मला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी ती गेटवर सांगितली आणि पहारेकरी पोट धरून हसला.

इथे माझ्या नोकरीचे सांगायला हवे. पाळी चालू असताना गेटबाहेर जायचे तर कामगाराला पास लागे. गुलाबी कागदाची चिठ्ठी, तीवर कारण आणि वेळ. फोरमनची सही लागायची, पण थोड्या वेळासाठी टाइमकीपरने दिला तरी चालून जाई. सदाभाऊ आठवड्यातून तीन-चारदा अकराच्या सुमारास यायचा. "घरगुती काम, भाऊसाहेब. वीस मिनिटं." मी लिहून देई. तो सायकलवर जाई, गल्लीच्या तोंडाशी एक पाय टेकून उभा राही, चपला आकृतीत आहेत हे बघे आणि परत येई. अठरा मिनिटांत. घरात जातसुद्धा नसे.

"सदाभाऊ, घरी सोनं पुरलंय का काय?" पहारेकरी विचारी.

"सोनंच आहे, राव," तो म्हणे आणि खरोखर लाजे.

बायकोवर किती जीव, असे मी घरी येऊन सांगत असे. माझी बायको मालती त्यावर उठून स्वयंपाकघरात जाई.

तारा लग्न होऊन आली तेव्हा अठराची असेल. जवळच्याच चिखलीच्या शेतकऱ्याची मुलगी, चणीने बारीक, पायात वारा. नळावर ती नकला करायची. माझी नक्कल तर अशी, की मालतीने घरी करून दाखवली तेव्हा मला घाम फुटला: मनगटावरचे घड्याळ नाकाशी नेऊन, "सात वाजून तीन मिनिटं! लेट मार्क!" पुढे नळावर तिचे येणे कमी झाले. सदाभाऊच दोन्ही हंडे भरून नेऊ लागला. बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आमच्याकडे आली, तर तो उंबऱ्यावर बसून राहिला आणि वाण घेतल्याबरोबर "चल" म्हणाला. माहेरचा भाऊ भेटायला आला की सदाभाऊ रजा काढून घरी थांबे. पाहुणचारात काही कमी नाही, पण बहीण-भावाला एकटे बसू म्हणून दिले नाही.

एका दुपारी आमच्या ओट्यावर चहा चालला होता आणि तो वडिलांच्या आठवणी सांगत होता. "आमचे वडील फार कडक. भाकरी करपली की आईला अंगणात उन्हात उभं करायचे. ऊन कलेपर्यंत. आम्ही पोरं आतून बघायचो. पण माउली एक शब्द बोलली नाही कधी. तशी बाई आता होणे नाही." त्याचे डोळे भरून आले होते. आत मालतीच्या कप विसळण्याचा आवाज थांबला. मी म्हणालो, "खरं आहे. पूर्वीची माणसंच वेगळी." याहून शहाणे मला काही सुचले नाही.

त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या खात्यात फोरमनची जागा निघाली. ती सदाभाऊला मिळणार असे तो धरून चालला होता, आम्हीही. मिळाली एका डिप्लोमावाल्या चोवीस वर्षांच्या माणसाला. सदाभाऊने त्याला पहिल्या दिवशी स्वतः सगळे खाते दाखवले. "होय साहेब, आत्ता करतो साहेब." कपाळावर एक आठी नाही. सगळे म्हणाले, मनाचा मोठा.

त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा ऐकले.

खरे म्हणजे पहिल्यांदा नव्हे. त्या आठवड्यात "काहीतरी पडलं असेल" असे म्हणणे जमेनासे झाले. संध्याकाळची वेळ, मी नुकताच जेवायला बसलो होतो. सदाभाऊचा आवाज चढत नसे. लहान मुलाला गणित समजावून सांगावे तसा तो बोलत असे. "सांडशी कुठं असते? दाखव. मग ती इथं कशी आली?" मग एक आवाज. मग पुन्हा तेच, त्याच सुरात. तिचा आवाज येतच नसे.

मी काय केले, तर लेकीला म्हणालो, "पाढे म्हण." ती म्हणू लागली. "मोठ्यानं म्हण." पोर ओरडून पंधराचा पाढा म्हणू लागली आणि मी भात कालवला. पुढे पुढे तर मला सांगावेही लागत नसे. पलीकडे त्याचे समजावणे सुरू झाले की ती आपण होऊन पाढे सुरू करी. हे मी कोणाला सांगितले नव्हते, आज लिहितो आहे.

मालती एकदा म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोला."

"नवराबायकोचं आहे. आपण काय बोलायचं?"

"मग पास तरी देऊ नका. पाळत ठेवायला जातो तो. तुम्ही सही करता."

"दारू पीत नाही तो, मालती."

"म्हणून काय झालं? शुद्धीत मारतो, एवढाच फरक."

मी तिच्यावर रागावलो. सदाभाऊशी बोललो नाही. पास देत राहिलो.

तारा गेली ती भर दिवसा, मार्गशीर्षात. तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता. अकरा वाजता सदाभाऊने माझ्याकडून पास घेतला, गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिले, चपला आकृतीत होत्या. तो समाधानाने परत आला. ती तेव्हा अनवाणी निम्म्या वाटेवर होती. ढेकळांतून, गाडीवाटेने, चिखलीपर्यंत अनवाणी गेली. चपला घातल्या असत्या तर पुरते स्टेशनही ओलांडता आले नसते, हे तिला माहीत होते.

संध्याकाळी सदाभाऊ माझ्याकडे आला आणि लहान मुलासारखा रडला. माझे पाय धरले. "चुकलो, भाऊसाहेब. पुन्हा बोटसुद्धा लावणार नाही. तुम्ही शब्द टाकलात तर ते ऐकतील." अशा वेळी चांगल्या घरचा कोणी त्रयस्थ माणूस नारळ आणि खण घेऊन सुनेला आणायला जातो, शब्द देतो आणि तिला नांदायला घेऊन येतो. हे काम मानाचे समजतात. मला त्याने त्या मानाला लायक समजले, याचे मला बरे वाटले. मालती म्हणाली, "जाऊ नका." मी रविवारी गेलो.

सदाभाऊ वेशीजवळ मारुतीच्या देवळात थांबला. मी घरी गेलो. ताराचा थोरला भाऊ किसन आणि त्यांची आई ओसरीवर. तारा आतल्या दाराला टेकून उभी, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला.

"पाव्हणं, तुमी शिकल्यालं मानूस," किसन म्हणाला. "खरं सांगा. पितो का?"

"थेंबभर नाही. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही."

"बाईचं काय लफडं?"

"छे! सरळ कामाला, सरळ घरी."

"मंग ही म्हंती मारतोय. कशापायी मारंल? डोकं फिरलंय का त्याचं?"

आई म्हणाली, "आगं तारे, पयल्या खेपंला बाईमानूस हळवं हुतंच. समद्यांचंच हुतं."

तेव्हा तारा बोलली. तिने आईकडे पाहिले नाही, भावाकडे पाहिले नाही. "भावजी, तुम्ही शेजारी राहता. भिंत वरून उघडी आहे. तुम्हाला ऐकू येतं का नाही, एवढंच सांगा."

ओसरीवर सगळे माझ्याकडे बघू लागले. किसनचे तोंड मला अजून आठवते. तो माझ्या उत्तरावर काहीही करायला तयार होता. "येतं" म्हटले असते तर त्याने बहिणीला जन्मभर ठेवून घेतले असते. पण "येतं" म्हटले तर पुढचा प्रश्न आला असता: मग तुम्ही काय केलंत? मला त्या दुसऱ्या प्रश्नाची भीती वाटली. त्या भीतीपोटी मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो,

"नाही बुवा. भांड्याला भांडं लागतं तेवढंच. दुसरं कधी काही ऐकलं नाही."

तारा दारातून वळली. आत गेली आणि तिने गाठोडे बांधले. आईने माझ्या हातून खण घेऊन तिची ओटी भरली. किसन बहिणीला म्हणाला, "बघ, ह्ये घरच्या भितीला भीत लावून ऱ्हात्यात. उगं काय बी सांगू ने." ती खोटारडी ठरली. तिच्या माहेरी, तिच्या माणसांपुढे, मी तिला खोटारडी ठरवली.

दोन महिने शांतता होती. मी लोकांना सांगत फिरलो की माणसाने मध्ये पडावे, संसार वाचतात.

तिसऱ्या महिन्यात, मधल्याच एका वारी कारखाना बंद असताना, ऐन दुपारी पलीकडे सुरू झाले. लेक शाळेत गेली होती, पाढे म्हणायला कोणी नव्हते. मी वर्तमानपत्र उघडले. मालतीने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि ती बाहेर गेली. दारावर तिने तो इतक्या जोराने आपटला की आमच्या कौलांतून माती गळली.

सदाभाऊने दार उघडले. "वहिनी, आमच्या घरातलं आहे," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

"असू दे. बाजूला व्हा."

"भाऊसाहेब कुठं आहेत?"

"पेपर वाचताहेत," मालती म्हणाली. ते मी घरात बसून ऐकले.

तिने ताराला उचलून बाहेर आणले, रस्त्यावरून जाणारी कडब्याची बैलगाडी थांबवली आणि स्वतः बरोबर बसून चिखलीला गेली. मी पायात चपला घालेपर्यंत गाडी वळली होती. ताराचे मूल राहिले नाही. डाव्या हाताचे मनगट वाकडे जुळले. मालती दोन दिवस चिखलीला राहिली आणि परत आल्यावर माझ्याशी महिनाभर कामापुरते बोलली.

सदाभाऊ दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. "राम राम, भाऊसाहेब." अकरा वाजता पास मागायला उभा. "चिखलीला जाऊन येतो. तिला आणायला हवं." मी मान वर न करता म्हणालो, "फोरमनची सही आणा." मी नियमाच्या आड लपलो, एवढेच. त्याने नवीन फोरमनकडे सही मागितली नाही आणि तो गेलाही नाही. पुढे पंचांसमोर फारकत झाली. कारखान्यातले लोक हळहळले: इतका गुणी माणूस, बायको धड मिळाली नाही. मी ऐकून घेतले. वर्षभराने त्याने नोकरी सोडली.

त्याला शेवटचे पाहिले ते चिंचवड स्टेशनवर, दोन वर्षांपूर्वी. गाडीची वाट बघत होता. खिशात पट्टी तीच, कानावर पेन्सिल तीच. "भाऊसाहेब!" म्हणून धावत आला, लेकीची चौकशी केली, घसा आता बरा आहे ना विचारले. बरोबर नवी बायको होती, वीस-बाविसची. फलाटावर ट्रंक, वळकटी, टोपली ओळीने मांडलेली आणि ओळीच्या शेवटी ती. बोलता बोलता ती सावलीत जाण्यासाठी दोन पावले सरकली. सदाभाऊने हसतमुखाने, माझ्याशी बोलणे न थांबवता, तिच्या कोपराला धरून तिला पुन्हा उन्हात, ओळीत उभे केले. तिने माझ्याकडे पाहिले. मी काही विचारीन की काय, असे ते पाहणे होते. मग गाडी आली.

पुढच्या रविवारी मी चिखलीला गेलो. या वेळी मालती म्हणाली नाही जाऊ नका, आणि बरोबरही आली नाही.

तारा अंगणात कांदे निवडत बसली होती. वाकड्या मनगटाने तिला काही अडत नव्हते. मला बघून तिने बसायला पोते सरकवले. मी उभाच राहिलो. "तारा, मी त्या दिवशी खोटं बोललो. त्याची माफी मागायला आलोय."

"मला काय सांगता, भावजी?" ती म्हणाली. "मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

तिने विहिरीवरून किसनला हाक मारून बोलावले. तो मोटेचा कासरा हातात तसाच घेऊन आला. मी त्याला सांगितले. तो बराच वेळ कासऱ्याचा पीळ उलगडत राहिला. मग म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या बोलन्यावर आमी तिला धाडली. मीच धाडली." आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"आईला राहिलं," तारा म्हणाली.

म्हातारी ओसरीच्या कोपऱ्यात उन्हाला बसली होती. मी जवळ जाऊन वाकलो आणि सांगितले.

"काय म्हंत्यात?" तिने ताराला विचारले.

"तिला कमी ऐकू येतं आता," तारा कांद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी पुन्हा बोललो. म्हातारीने कानाशी हात नेला. शेजारच्या परड्यात धुणे वाळत घालणारी बाई थांबली. कुंपणापलीकडे बैलांना पाणी पाजणारा एक माणूस वळून बघू लागला. मला वाटले, आत जाऊन बोलावे. पण आत या असे कोणी म्हणाले नाही.

मग मी त्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, हात जोडून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "आई, तुमची लेक खरं सांगत होती! तो मारत होता! मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं! मी खोटं बोललो! माझं चुकलं!"